मस्तिष्क शस्त्रक्रियेनंतरच्या सक्शन ड्रेनचे हृदयाभिसरणावरील परिणाम

कवटी उघडून केलेली मेंदूची शस्त्रक्रिया संपत आली की जखमेत साचणारे रक्त व स्राव बाहेर काढण्यासाठी शिरोत्वचेखाली एक नळी ठेवली जाते. या नळीला ऋण दाब असलेली बाटली किंवा फुगा जोडल्यास त्या योजनेस सक्शन ड्रेन असे म्हणतात. बहुसंख्य रुग्णांमध्ये हा ड्रेन कोणताही त्रास न देता आपले काम करतो. तथापि काही थोड्या रुग्णांमध्ये ऋण दाब सुरू करताच नाडीची गती अचानक मंदावते, रक्तदाब घसरतो आणि क्वचित प्रसंगी हृदयाचे स्पंदन काही काळ थांबते. हृदय निरोगी असलेल्या रुग्णातही असे घडू शकते, कारण बिघाडाचे मूळ हृदयात नसून कवटीतील दाबाच्या आकस्मिक बदलात असते. हे कारण वेळीच ओळखले तर पहिला उपाय अत्यंत साधा आहे, तो म्हणजे नळीतील ओढ तत्काळ बंद करणे. कारण न ओळखल्यास मात्र औषधे देऊनही मूळ कारण चालूच राहते.

ड्रेनची रचना व उद्देश

शिरोत्वचेचे बाहेरून आत पाच थर असतात: त्वचा, दाट संयोजी ऊतक, गॅलिया नावाचा कंडरेसारखा चिवट पडदा, त्याखालचे सैल ऊतक आणि हाडाला चिकटलेले अस्थ्यावरण. गॅलियाखालील सैल थरात पोकळी सहज निर्माण होते. शस्त्रक्रियेच्या वेळी शिरोत्वचेचा पडदा याच थरातून उचलला जातो, त्यामुळे नंतर रक्तही तेथेच साचते. बहुतेक ड्रेन या जागी ठेवतात व त्यांना सबगॅलियल ड्रेन म्हणतात. काही वेळा नळी हाडाच्या खाली, परंतु मेंदूभोवतालच्या सर्वांत बाहेरच्या व जाड आवरणाच्या, म्हणजे दृढतानिकेच्या वर ठेवतात. तिला एपिड्युरल ड्रेन असे नाव आहे.

ड्रेनचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात पिशवी रुग्णाच्या डोक्यापेक्षा खालच्या पातळीवर टांगतात आणि स्राव केवळ गुरुत्वाकर्षणाने उतरतो. दुसऱ्या प्रकारात ऋण दाबाने स्राव ओढला जातो. दाबून सोडलेला रबरी फुगा, स्प्रिंग असलेली घडीची डबी आणि आधीच निर्वात केलेली बाटली ही त्याची प्रचलित साधने होत. निर्वात बाटलीची पद्धत फ्रेंच शल्यचिकित्सक आंरी रेदाँ यांच्या नावाने ओळखली जाते.

या साधनांतील ऋण दाबात मोठी तफावत असते. पूर्ण दाबलेल्या फुग्यातील ओढ सुमारे १०० मिलिमीटर पाऱ्याइतकी भरते, तर उच्च निर्वात बाटलीत ती सुरुवातीला कित्येक शेकडा मिलिमीटर पाऱ्यापर्यंत असू शकते. याउलट आडव्या झोपलेल्या निरोगी प्रौढ व्यक्तीच्या कवटीतील दाब साधारण ५ ते १५ मिलिमीटर पारा असतो. म्हणजेच ड्रेनमधील ओढ कवटीतील नैसर्गिक दाबाच्या अनेक पटींनी मोठी असते. जोपर्यंत ही ओढ शिरोत्वचेखालच्या पोकळीपुरती मर्यादित राहते, तोपर्यंत मेंदूला तिचा उपद्रव होत नाही. ती आत पोहोचली की पुढील घटनाक्रम सुरू होतो.

कवटीतील दाबाचे गणित

प्रौढ व्यक्तीची कवटी ही न ताणली जाणारी पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि मस्तिष्क-मेरुद्रव असे तीन घटक असतात. यांपैकी एकाचे आकारमान वाढले तर इतरांचे घटावे लागते आणि एकाचे घटले तर इतरांना ती जागा भरून काढावी लागते. अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये व जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडलेल्या विचारांवरून या तत्त्वाला मन्रो-केली सिद्धांत म्हणतात.

प्रौढ शरीरात एकूण मस्तिष्क-मेरुद्रव सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि तो दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर, म्हणजे ताशी साधारण २० मिलिलिटर या वेगाने तयार होतो. समजा, दृढतानिकेची शिवण पूर्णपणे जलाभेद्य नाही आणि ड्रेनच्या ओढीने एका मिनिटात ६० मिलिलिटर द्रव बाहेर आला, तर तेवढा द्रव पुन्हा तयार होण्यास सुमारे तीन तास लागतील. दरम्यानच्या काळात रिकामी जागा व्यापण्यासाठी मेंदू आपल्या स्थानापासून सरकतो, तसेच शिरांमध्ये अधिक रक्त साठते.

मेंदूला रक्त पुरवणारा परिणामी दाब हा सरासरी धमनीदाबातून कवटीतील दाब वजा करून मिळतो. सरासरी धमनीदाब ८५ आणि कवटीतील दाब १० असेल तर हा दाब ७५ मिलिमीटर पारा येतो. केवळ आकड्यांकडे पाहिल्यास कवटीतील दाब कमी होणे मेंदूच्या रक्तपुरवठ्यास उपकारक वाटते. प्रत्यक्षात मात्र तो फार वेगाने घटला तर प्रतिक्षेपाने धमनीदाबच कोसळू शकतो. धमनीदाब ४५ वर आला आणि कवटीतील दाब शून्य झाला, तरी मेंदूला मिळणारा दाब अवघा ४५ उरतो.

घटनेचे स्वरूप

ही घटना बहुधा शिरोत्वचा शिवत असताना किंवा शिवून झाल्यावर लगेच, ड्रेनला ऋण दाब जोडण्याच्या क्षणी घडते. काही सेकंदांत नाडीचा दर मिनिटाला ६० च्या खाली येतो. कधी तो ३० ते ४० पर्यंत उतरतो, तर कधी हृदयालेखावर काही सेकंद एकही ठोका उमटत नाही. या अवस्थेला असिस्टोल असे म्हणतात. नाडी मंदावत असताना रक्तदाबही घसरतो.

हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकते. मिनिटाला ७० ठोके पडत असतील तर सुमारे ४.९ लिटर रक्त शरीरात फिरते. दर ३० वर आला आणि प्रत्येक ठोक्यातील रक्त तेवढेच राहिले, तर हे प्रमाण २.१ लिटरवर येते. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या, जागोजागी सूज असलेल्या मेंदूला ही तूट फार काळ सोसत नाही.

ओढ थांबविल्यावर नाडी व रक्तदाब बहुधा थोड्याच वेळात पूर्ववत होतात. पुन्हा ऋण दाब जोडताच नाडी पुन्हा मंदावली तर ड्रेन व हृदयाची गती यांतील कार्यकारणसंबंध अधिक स्पष्ट होतो. अर्थात हा संबंध सिद्ध करण्यासाठी मुद्दाम असा प्रयोग करणे धोक्याचे आहे.

कार्यकारणभाव

या परिणामाची एकच सर्वमान्य उपपत्ती नाही. पुढील तीन यंत्रणा प्रामुख्याने मांडल्या जातात आणि एकाच रुग्णात एकाहून अधिक यंत्रणा एकत्र कार्य करू शकतात.

पहिली यंत्रणा मस्तिष्कस्तंभाच्या ताणाची आहे. हृदयाची गती, रक्तदाब व श्वसन यांचे नियमन करणारी केंद्रे मस्तिष्कस्तंभात, विशेषतः त्याच्या खालच्या भागात म्हणजे लंबमज्जेत असतात. वरच्या बाजूने द्रव वेगाने ओढला गेला की कवटीच्या निरनिराळ्या कप्प्यांतील दाबात तफावत निर्माण होते. मेंदू या तफावतीच्या दिशेने सरकतो व मस्तिष्कस्तंभावर ताण किंवा पीळ येतो. त्यामुळे प्राणेशा म्हणजेच व्हेगस तंत्रिकेची केंद्रे उद्दीपित होतात. या तंत्रिकेतून सुटणारे ॲसिटिलकोलीन हे द्रव्य हृदयाच्या नैसर्गिक गतिकारक गाठीची लय मंदावते.

दुसरी यंत्रणा त्रिमूल तंत्रिका-हृदय प्रतिक्षेपाची आहे. चेहरा, शिरोत्वचेचा पुढील भाग आणि दृढतानिकेचा बराच मोठा भाग यांची संवेदना त्रिमूल म्हणजेच ट्रायजेमिनल तंत्रिका वाहून नेते. दृढतानिका ओढली गेल्यास संदेश या तंत्रिकेच्या गंडिकेतून मस्तिष्कस्तंभातील संवेदी केंद्रात आणि तेथून प्राणेशा तंत्रिकेच्या केंद्रांत पोहोचतो. परिणामी नाडी मंदावते व रक्तदाब उतरतो. डोळ्यावर दाब दिल्यास नाडी मंदावते, हा १९०८ मध्ये आश्नर व दान्यिनी यांनी स्वतंत्रपणे वर्णन केलेला नेत्र-हृदय प्रतिक्षेप याच मार्गाचा एक प्रकार मानला जातो. मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या संदर्भात या प्रतिक्षेपाचे सविस्तर वर्णन बर्नहार्ड शालर व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये केले. कवटीच्या तळाजवळील गाठींवर शस्त्रक्रिया झालेल्या १२५ रुग्णांपैकी १४ जणांत तो त्यांना आढळला. पश्च कप्प्यातील दृढतानिकेला वरच्या ग्रैव तंत्रिका व प्राणेशा तंत्रिकेच्याही शाखा मिळतात, त्यामुळे तेथील ओढीचा संदेश अन्य मार्गानेही पोहोचू शकतो.

तिसरी यंत्रणा रक्तवाहिन्यांच्या ताणाची आहे. मेंदू खाली बसला किंवा दृढतानिका हाडापासून सुटली की त्यांना जोडणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात व क्वचित तुटतात. अशा वेळी शस्त्रक्रियेच्या जागेपासून दूर नवा रक्तस्राव होऊ शकतो. त्याने कवटीतील दाब वाढल्यास हृदयाभिसरणात दुसऱ्या प्रकारचा बिघाड सुरू होतो.

कुशिंग प्रतिसादाहून भिन्नता

मेंदूवर दाब वाढल्यामुळे नाडी मंदावण्याचा प्रकार वैद्यकशास्त्रात फार पूर्वीपासून परिचित आहे. अमेरिकन शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचा अभ्यास केला. रक्तदाब वाढणे, नाडी मंदावणे व श्वसन अनियमित होणे या तीन लक्षणांच्या समूहास कुशिंगचे त्रिक म्हणतात. त्यात कवटीतील वाढत्या दाबावर मात करून मेंदूला रक्त पोहोचविण्यासाठी शरीर धमनीदाब वाढविते.

सक्शन ड्रेनच्या परिणामात नाडी मंदावते हे साम्य असले, तरी रक्तदाब चढत नाही, उतरतो. हा भेद उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कुशिंग प्रतिसादात कवटीतील दाब कमी करावयाचा असतो. येथे मात्र तो आधीच प्रमाणाबाहेर घटलेला असतो. मंद नाडी पाहून दाब वाढल्याचा समज झाला आणि द्रव आणखी काढून घेतला, तर रुग्णाची स्थिती बिघडू शकते.

वैद्यकीय साहित्यातील नोंदी

या परिणामाविषयीची माहिती मुख्यतः एकेका रुग्णाच्या वृत्तांतांतून जमा झाली आहे. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भूलतज्ज्ञांनी २००६ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ॲनेस्थेशिया’ या नियतकालिकात असा एक वृत्तांत प्रसिद्ध केला. शिरोत्वचा बंद करताना सबगॅलियल ड्रेनला ऋण दाब जोडल्यावर नाडी तीव्रतेने मंदावून रक्तदाब घसरल्याची ती नोंद आहे. त्यानंतर भारतातून व अन्य देशांतूनही अशा नोंदी आल्या. काहींमध्ये हृदय थांबल्याचेही वर्णन आहे.

एकेका रुग्णाच्या वृत्तांतांवरून घटना घडते हे समजते. ती दर हजारी किती जणांत घडते हे ठरविता येत नाही. क्षणभर मंदावलेली व आपोआप सावरलेली नाडी पुष्कळदा नोंदविली जात नाही, हेही लक्षात घ्यावे लागते.

संबंधित गुंतागुंती

नाडी सावरली म्हणजे धोका टळला असे दरवेळी म्हणता येत नाही. डिर्क व्हान रूस्ट व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘न्यूरोसर्जरी’ या नियतकालिकात एका वेगळ्या गुंतागुंतीचे वर्णन केले. शस्त्रक्रिया सुरळीत पार पडूनही काही रुग्ण भुलीतून जागे होत नव्हते. क्ष-किरण संगणकीय छेदचित्रणात, म्हणजे सीटी स्कॅनमध्ये, मेंदूच्या खोल भागातील दोन्ही बाजूंच्या केंद्रकांत प्राणवायू कमी पडल्यासारखे बदल दिसत होते. प्रत्यक्षात प्राणवायू कमी पडल्याचा प्रसंग घडलेला नव्हता. या अवस्थेला त्यांनी ‘स्यूडोहायपॉक्सिक ब्रेन स्वेलिंग’ असे नाव दिले व तिचा संबंध सक्शन ड्रेनशी असावा असे मत मांडले. कवटीतील दाब घटल्याने शिरांतील रक्त तुंबते, असे तिचे स्पष्टीकरण पुढे देण्यात आले.

मेंदूच्या वरच्या भागावरील शस्त्रक्रियेनंतर दूरवरच्या अनुमस्तिष्कात रक्तस्राव होणे ही दुसरी गुंतागुंत आहे. मस्तिष्क-मेरुद्रव प्रमाणाबाहेर वाहून जाणे हे तिचे एक संभाव्य कारण मानले जाते. पूर्वी काढून ठेवलेले कवटीचे हाड पुन्हा बसविण्याच्या क्रॅनिओप्लास्टी शस्त्रक्रियेनंतर मेंदूला अचानक तीव्र सूज येऊन रुग्ण दगावल्याच्याही नोंदी आहेत. त्यांतील काहींत शिरोत्वचेखालील ऋण दाबाकडे बोट दाखविले गेले आहे. अशा रुग्णांचा मेंदू दीर्घकाळ हाडाच्या आधाराविना राहिलेला असल्याने दाबातील बदल सोसण्याची त्याची क्षमता कमी झालेली असते.

निदान

या परिणामाचे निदान मुख्यतः काळाच्या संबंधावरून होते. ड्रेन जोडण्याच्या वेळेच्या आसपासच अन्य अनेक क्रिया चालू असल्याने गल्लत होण्याचा संभव राहतो. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा प्रभाव उतरविण्यासाठी दिले जाणारे निओस्टिग्मीन नाडी मंदावते. झटके टाळण्यासाठी दिलेले फेनिटॉइन शिरेतून वेगाने गेल्यास नाडी व रक्तदाब दोन्ही उतरतात. रेमिफेंटॅनिल व डेक्समेडेटोमिडीन या भुलीच्या औषधांचाही असाच गुण आहे. याखेरीज रक्तस्राव, शिरेत हवा शिरणे, रक्तातील पोटॅशियम वाढणे व हृदयविकार या शक्यता तपासाव्या लागतात.

धमनीत बसविलेल्या नळीद्वारे रक्तदाब सतत दिसत असेल तर बदल नेमका कोणत्या क्षणी सुरू झाला हे कळते. ड्रेन कधी जोडला, ओढ कधी सुरू केली आणि बाटलीत किती व कोणत्या रंगाचा द्रव आला, याची वेळेसह नोंद निदानास साहाय्यभूत ठरते. रक्ताऐवजी पातळ, पाण्यासारखा द्रव झपाट्याने भरू लागल्यास तो मस्तिष्क-मेरुद्रव असण्याची शंका घ्यावी लागते.

उपचार

पहिली कृती म्हणजे ऋण दाब काढून टाकणे. फुग्याचे झाकण उघडून हवा आत घेतल्यास किंवा बाटलीकडे जाणारी नळी चिमट्याने बंद करून सोडविल्यास ओढ थांबते. याच वेळी फुप्फुसांना प्राणवायू नीट मिळत आहे याची खात्री केली जाते.

तेवढ्याने नाडी सावरली नाही तर प्राणेशा तंत्रिकेचा प्रभाव रोखणारे ॲट्रोपीन शिरेतून देतात. प्रौढांत त्याची मात्रा साधारण ०.५ ते १ मिलिग्रॅम असते. रक्तदाबासाठी द्रव व रक्तवाहिन्या आकुंचित करणारी औषधे वापरली जातात. हृदय थांबल्यास छातीवर दाब देणे व ॲड्रेनलिन देणे हे हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाचे नेहमीचे उपचार तत्काळ सुरू करावे लागतात. ॲट्रोपीनने नाडी वाढली तरी ओढ चालू ठेवणे इष्ट नाही, कारण त्यामुळे केवळ इशारा दडपला जातो आणि मेंदूचे सरकणे चालूच राहते.

रुग्ण स्थिर झाल्यावर तो अपेक्षित वेळेत जागा होतो का, बाहुल्यांचा आकार व हातापायांची हालचाल कशी आहे, हे पाहिले जाते. शंका असल्यास सीटी स्कॅन करून नवा रक्तस्राव किंवा सूज नाही ना, याची तपासणी करतात. द्रव घटल्याची चिन्हे असल्यास रुग्णाला डोके न उचलता आडवे ठेवले जाते.

प्रतिबंध

दृढतानिका शक्य तितकी जलाभेद्य शिवणे हा प्रतिबंधाचा पहिला टप्पा होय. शिवण पूर्ण करण्यापूर्वी आतली पोकळी क्षारद्रवाने भरल्यास दाबातील तफावत कमी राहते. ड्रेनला एकदम पूर्ण ऋण दाब न देता प्रथम केवळ गुरुत्वाकर्षणावर ठेवणे व आवश्यकता भासल्यास कमी ओढ हळूहळू देणे, हा मार्ग अधिक सुरक्षित मानला जातो. दृढतानिकेत छिद्र राहिले असेल किंवा ती मुद्दाम उघडी ठेवली असेल, तर उच्च निर्वात बाटली टाळणे श्रेयस्कर ठरते.

ओढ सुरू करण्यापूर्वी भूलतज्ज्ञांना तसे सांगणे ही सर्वांत कमी खर्चाची खबरदारी आहे. त्या क्षणी कोणीतरी हृदयालेखाकडे पाहत असले म्हणजे बदल लगेच लक्षात येतो. रुग्णाला खाटेवर हलविताना किंवा अतिदक्षता विभागात पोहोचल्यावर ओढ सुरू केल्यास, नेमके निरीक्षण विस्कळीत असण्याच्या वेळी धोका ओढवतो. नंतरच्या दिवसांतही फुगा रिकामा करून पुन्हा दाबताना ओढ नव्याने निर्माण होत असते. त्यामुळे ही खबरदारी परिचारिकांनाही माहीत असणे आवश्यक आहे.

ड्रेनच्या आवश्यकतेविषयी मतभेद

या गुंतागुंतीमुळे ड्रेन सरसकट त्याज्य ठरत नाही. जुनाट सबड्युरल रक्तसंचयावर कवटीला छिद्र पाडून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत त्याचा लाभ स्पष्टपणे दिसला आहे. इंग्लंडमधील केंब्रिज येथे झालेल्या व ‘द लान्सेट’मध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ड्रेन ठेवलेल्या रुग्णांमध्ये रक्त पुन्हा साचल्याने परत शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण ९.३ टक्के, तर ड्रेन न ठेवलेल्यांत २४ टक्के होते. हा ड्रेन मृदू नळीचा व ऋण दाबाविना चालणारा होता.

कवटीचे हाड उचलून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर शिरोत्वचेखाली नेहमीच ड्रेन ठेवावा का, याविषयी मात्र शल्यचिकित्सकांत एकमत नाही. काळजीपूर्वक रक्तस्राव थांबविला असल्यास ड्रेनची गरज नाही असे एक मत आहे. शिरोत्वचेखाली रक्त साचल्याने सूज, वेदना व जंतुसंसर्गाचा संभव वाढतो, म्हणून तो ठेवावा असे दुसरे मत आहे. ड्रेन ठेवणे व त्याला ऋण दाब देणे हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. हृदयाभिसरणावरील येथे वर्णिलेले परिणाम प्रामुख्याने दुसऱ्या निर्णयाशी निगडित आहेत.